गोळा की ताट?

...आणि वर मलाच विचारतात, "फाल्ला, भात किती जणांचा लावलास?" आता तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ? घरातली जिवंत माणसं मोजता येतात. गेलेलीही मोजता येतात, उलट ती बरी, त्यांची बस चुकत नाही, आयत्या वेळी ती चार मित्र घेऊन टपकत नाहीत... पण आमच्या घरात एक माणूस असा आहे की त्याचं अजून ठरलेलंच नाही! जिवंत धरावा तर त्याला ताट वाढायचं. गेलेला धरावा तर त्याच्या नावाने भाताचा गोळा करायचा आणि पहाटे विहारात जाऊन टाकायचा. दरवर्षी भाद्रपदाचा वद्य पंधरवडा आला, पितर यायला निघाले, देशभरातले आमचे सगळे सोयरे पिशव्या घेऊन निघाले, की माझ्या चुलीवर आधी हाच प्रश्न उकळायला लागतो. सोवानचं काय? गोळा की ताट?

सोवान म्हणजे माझे थोरले दीर. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्या नवऱ्यानेही पाहिलेलं नाही! अहो, काळ्या कपड्यांचं, म्हणजे काळे कपडे घालणाऱ्या बंदूकवाल्यांचं राज्य होतं ना, शहरं रिकामी केली, पोरं आईबापांच्या हातातून काढून बांध घालायला पाठवली, त्यात चौदा वर्षांचा सोवान ट्रकच्या मागे उभा राहून गेला, आणि... बस. पुढे काहीच नाही. गेल्याची बातमी नाही, असल्याची नाही. मग ते राज्य बुडालं, उरलीसुरली माणसं चालत चालत आपापल्या गावी परतली, सासूबाई इथे सांगके नदीच्या काठी, बात्तंबांगजवळ, मोडकं घर धरून बसल्या, त्यानंतर माझा नवरा जन्मला, मग धाकटा दीर जन्मला, सासरे वारले, आणि सासूबाई आता ऐंशीला टेकल्या, डोळ्यांना अंधूक दिसतं, दात म्हणावेत तर दोनच, पण पंधरवड्यात सगळे जमले की सोवानचं ताट मांडायचं म्हणजे मांडायचं! आणि ते कुठे? शिडीच्या समोर. आमचं घर खांबांवरचं, वर यायला लाकडी शिडी, तिची तिसरी पायरी करकरते. सासूबाई म्हणतात, "आल्या आल्या त्याला ताट दिसलं पाहिजे. नाहीतर वाटेल, आपल्याला विसरले."

आणि माझी जागा कुठे? त्या ताटाशेजारी, शिडीकडे पाठ करून. तुम्हाला सांगते, वर्षभर मी काही भित्री बाई नाही. साप निघाला तर मीच काठी घेते. पण त्या दिवशी जेवताना मागून गार वारा आला, पायरी करकरली, की माझ्या पाठीवरचा केस न् केस उभा राहतो. सगळेच थांबतात. हातातला घास हातात, कुणी वळून बघत नाही... आणि मग आमचं कुत्रं वर येतं! तरी कुणी हसत नाही हो. सासूबाई तेवढ्या कुत्र्याच्या मागे अंधूक डोळ्यांनी बघत राहतात, त्याच्या मागून आणखी कुणी येतंय का म्हणून. अशात घास कसा उतरावा?

आता माझं. मी नवसाची बाई. पोर आजारी पडलं की नवस, पूर आला की नवस, नवऱ्याची मोटरसायकल चालू होईना तरी मनातल्या मनात एक उदबत्ती कबूल. तर सात वर्षांपूर्वी एका पंधरवड्यात ह्या गोळा की ताट वरून घरात अशी भांडणं झाली, की मी तशीच उठले, वेशीवरच्या राखणदारासमोर जाऊन बसले, म्हटलं, देवा, माझ्या दिराचं एकदाचं ठरू दे. जिवंत तर जिवंत, नाही तर नाही. ते ठरेपर्यंत मी प्राहोक तोंडाला लावणार नाही!

बोलून गेले. बोलताना काय जातं? अहो, प्राहोक म्हणजे आमचा मुरवलेला मासा, तो भातात नाही, रश्श्यात नाही, तर मग आमच्याकडे जेवण ते काय उरतं? दुसऱ्या एखादीने साखर सोडली असती, शेंगदाणे सोडले असते. मला नेमका प्राहोक सुचला! त्यात आणखी एक... सोवानला सगळ्यात जास्त आवडायचा काय, सांगा? केळीच्या पानात भाजलेला प्राहोक! म्हणजे त्यांच्या ताटासाठी तो मीच भाजायचा, वास मीच घ्यायचा, मीठ बरोबर आहे का हे शेजारणीला चाखायला सांगायचं. सात वर्षं! राखणदार तिकडे निवांत. त्याला कुठली घाई?

तर ह्या वर्षी अमावस्येच्या आदल्या दिवशी सगळे जमले. माझी नणंद, कोलाप, नॉम पेन्हहून आली. तिचं बाजारात कापडाचं दुकान, त्यामुळे तिचं सगळं बोलणं गिऱ्हाईक निघून चालल्यासारखं. शिडी चढता चढताच सुरू, "फाल्ला! आन्सोमची पानं पुसलीस का, डुकराचं मांस चरबीचं घेतलंस ना, माक कुठे आहे, माक बारीक झाली, तू तिला खायला घालत नाहीस का, आणि हा पंखा अजून तोच?" माक म्हणजे आई, आमच्या सासूबाई. मी म्हटलं, "या बोंग, बसा तरी." तर आतून माझा नवरा म्हणतो, "काय गं?" कारण आमच्यात थोरल्या बहिणीला बोंग, थोरल्या भावाला बोंग, नवऱ्यालाही बोंग! काम सांगायला बोंग म्हणावं तर दोघंही दुसऱ्याकडे बघतात.

मग धाकटा दीर आला, वुथी. तो सीमेजवळ ट्रक दुरुस्त करतो. फार बोलत नाही, बोलला की टोचतं. आल्या आल्या त्या शिडीसमोरच्या जागेकडे बघून म्हणाला, "झाली का थोरल्या साहेबांची तयारी? मी त्याला एकदाही पाहिलं नाही, आणि लहानपणापासून त्याच्याच ताटातलं उरलेलं खातोय. गणितात नापास झालो की माक म्हणायची, सोवान असता तर... अगं, सोवान असता तर तोही नापास झाला असता! पण जो नसतो त्याचा निकाल कोण बघतो?"

"गप रे," माझा नवरा नारित म्हणाला. नारितचं सगळं आयुष्य 'गप रे' म्हणण्यात गेलं.

दुपारी मी आन्सोम बांधत बसले होते. चिकट भात, मुगाची डाळ, मांस, केळीचं पान, वर दोरी. तुम्हाला सांगते, दोरी आवळताना माणसं जवळ येऊन बसली की समजावं, काहीतरी कबूल करून घ्यायचंय. आधी कोलाप आली. आवाज एकदम खाली. मला वाटलं, आजारी आहे की काय!

"फाल्ला, एक काम कर. सोवानचा गोळा कर. माकला सांगू नकोस. उद्या पहाटे मी गुपचूप टाकेन."

"बोंग, अहो, जिवंत माणसाच्या नावाने गोळा टाकला तर त्याचं आयुष्य तुटतं म्हणतात माक."

"आणि गेलेल्याच्या नावाने नाही टाकला तर? माझ्या लेकीचं लग्न दोनदा मोडलं. ज्योतिषी म्हणाला, घरातलं कुणीतरी उपाशी आहे."

मी म्हटलं, "ज्योतिषी सगळ्यांनाच तसं सांगतो हो."

आता ह्यावर ती भांडेल म्हणून मी दोरी घट्ट धरून बसले... तर नाहीच! ती माझ्या पुढ्यातल्या भाताकडे बघत राहिली. म्हणाली, "मी सात वर्षांची होते गं. ट्रकमध्ये चढायच्या आधी त्याने कमरेच्या गाठीतून भाताची खरपुडी काढली आणि माझ्या हातात दिली. त्याची स्वतःची होती ती, त्या दिवशीची. मी तिथेच उभी राहून खाल्ली. ट्रक वळला तेव्हा मी चावत होते. तो उपाशी गेला, फाल्ला. माक त्याला ताट वाढते, ताटातलं त्याला खाता येतं का? पितरांची तोंडं सुईच्या भोकाएवढी. विहारात नाव घेऊन दिल्याशिवाय त्यांना शितही मिळत नाही. सात विहार फिरतात, आपलं नाव घेणारं कुणी भेटतंय का म्हणून. इतकी वर्षं तो सातही विहारांतून तसाच परत जातोय..."

आणि बाहीने नाक पुसून पुन्हा नेहमीच्या आवाजात, "अगं, ती दोरी सैल बांधलीस! शिजताना फुटेल!"

ती गेली, तर सासूबाई आल्या. भिंत धरत धरत. माझ्या शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "फाल्ला, ती कोलाप काहीतरी करायला निघाली आहे. मला दिसत नाही, पण मला वास येतो. तू मात्र ताट नीट मांड हं. माझ्यानंतरही मांडशील ना? ह्या पोरांवर माझा भरवसा नाही."

काय करणार? सांगा ना, तुम्ही काय केलं असतं? माझ्याने कुणाला नाही म्हणवत नाही, हाच माझा रोग आहे. मी दोघींनाही हो म्हटलं! एका हाताने दिरांचं ताट पुसून ठेवलं, दुसऱ्या हाताने त्यांचाच तिळाचा गोळा वळला आणि फडताळावर टोपलीखाली झाकला. एकाच माणसाला एकाच दुपारी मी जिवंतही ठेवलं आणि... मनातल्या मनात राखणदाराला म्हटलं, बघ बाबा, तुझ्यामुळे माझ्यावर काय वेळ आली. आता तरी ठरव. गोळा की ताट?

जेवायला बसलो तेव्हा पाऊस लागला होता. अंधार पडायच्या आधीच दिवा लावायची वेळ आली. आंबट रस्सा, नारळाच्या दुधात वाफवलेल्या माशाचा आमोक, आन्सोमचे काप, आणि शिडीसमोर ते ताट, त्यावर पानात भाजलेला प्राहोक, त्याच्या वासाने माझ्या डोळ्यांत पाणी. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे ताटाकडे बघून हात जोडले नाहीत, कारण हात गेलेल्यांना जोडायचे. त्या फक्त म्हणाल्या, "बसा रे. येईल तो."

आणि तुम्हाला सांगते, त्याच क्षणाला आमच्या मांजरीला फडताळावर काय दिसलं कोण जाणे... टोपली पडली! आणि तो गोळा, मी एवढा गोल, एवढा घट्ट वळलेला, कधी नव्हे तो सुंदर जमलेला, खाली पडला तरी फुटला नाही हो! घरंगळत निघाला. नारितच्या पायाशेजारून, वुथीच्या वाटीला वळसा घालून, थेट सासूबाईंच्या गुडघ्याला जाऊन लागला आणि थांबला.

सासूबाईंनी चाचपला. नाकाशी नेला. तीळ. "सगळ्यांचे गोळे मी मघाशी स्वतः मोठ्या वाडग्यात ठेवले," त्या म्हणाल्या. "हा कुणाचा?"

कोलाप छताकडे. नारित भाताकडे. वुथी माझ्याकडे! मांजर तेवढी निरागस.

"मी विचारतेय, हा कुणाचा गोळा?"

आणि शिडीची तिसरी पायरी करकरली.

कुत्रं? कुत्रं माझ्या मांडीला टेकून झोपलेलं होतं!

चौथी पायरी. पाचवी. मी शिडीकडे पाठ करून, मानेवर गार वारा, मला समोरच्यांचे चेहरे तेवढे दिसत होते. कोलापच्या हातातली पळी रश्श्यात पडली. वुथी, जो आयुष्यभर थट्टा करत आला तो वुथी, पुटपुटला, "आला..."

मी वळले. वळावंच लागलं. दारात एक साठीचा माणूस उभा होता. अंगावर पाणी निथळतंय, हातात मोडकी छत्री, केस पांढरे, डोळे खोल. त्याने ताटाकडे बघितलं. आम्ही त्याच्याकडे. 

सासूबाईंनी गोळा मांडीवर ठेवला, आणि आमच्याकडे कुणालाही विचारतात तसं विचारलं, "भात खाल्लास का?"

"नाही, येय." येय म्हणजे आजी.

"बस. वाढलेलंच आहे."

तो ताटापाशी आला आणि थबकला. "हे कुणासाठी तरी ठेवलेलं दिसतं."

"तुझंच समज."

हात धुवायला त्याने बाही वर केली. आता सोवानच्या उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, ताडगुळाची उकळती काकवी सांडून भाजल्याचा डाग, हे आमच्या घरातल्या पाळण्यातल्या पोरालाही पाठ! आम्ही सगळे पुढे वाकलो. नारितने तर दिवाच उचलून धरला. हात स्वच्छ. कुठे काही नाही. कोलाप उठली, मागच्या पाण्याच्या रांजणापाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"बस गं येऊन," सासूबाई म्हणाल्या, "तो नाही. मला पायरीवरच कळलं. सोवान दोन पायऱ्या सोडून चढतो."

चढतो! चढायचा नाही, चढतो. ऐकलंत ना?

तो माणूस बिचारा हात तसाच ओला धरून बसलेला. त्याला वाटलं, काय चुकलं? मग मीच सांगितलं सगळं. त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "मग मला तुम्हाला माझं सांगायला अवघड नाही." तो पाइलिनकडे मक्याच्या शेतावर राबतो. लहानपणी असाच पोरांच्या तुकडीत होता, तापाने पडला, बरा झाला तेव्हा गावाचं नाव पुसलं गेलं, आईबापांची नावं पुसली गेली, एवढंच उरलं की घरी सगळे त्याला पोव म्हणायचे. पोव म्हणजे शेंडेफळ. झालं! आमच्याकडे घराघरात एक पोव. तेवढ्यावरून घर कसं सापडावं?

"मग आज इकडे कुणीकडे?" नारितने विचारलं.

"पंधरवड्यात मी विहारांतून फिरतो. एक वर्ष एका जिल्ह्यातले सात, पुढच्या वर्षी दुसरीकडचे. पहाटे अंधारात जाऊन उभा राहतो आणि ऐकतो. सगळी घरं एकत्र आलेली असतात, आपापल्या गेलेल्यांना नाव घेऊन हाका मारत असतात. कुणीतरी म्हणेल ना, पोव, काळ्या कपड्यांनी नेलेल्या पोव, ये, भात घे. मग मी पुढे होऊन म्हणेन, मी इथेच आहे, मी मेलो नाही."

वुथीचा घास अर्ध्यावर. "म्हणजे काका, गेलेल्यांच्या गर्दीत तुम्ही जिवंतपणी स्वतःची हाक ऐकत फिरता?"

"दुसरीकडे कुठे जाऊ? वर्षातून एकदाच तर सगळा देश नावं घेऊन हाका मारतो." तो हसला. "पोव, पोव अशा हाका पुष्कळ येतात हो. मी प्रत्येक वेळी वळतो. कधी तो पोव म्हातारा होऊन गेलेला असतो, कधी नदीत बुडालेला. एकदा तर मोटरसायकलवरून पडलेला निघाला. त्यांनीही मला जेवायला घातलं."

सासूबाईंची बोटं गोळ्यावरून फिरत होती. मग विचारलं, "आणि तुझ्या आईने हाक मारलीच नाही तर?"

"तर ती मला अजून जिवंत समजत असेल. चांगलीच गोष्ट आहे, येय." त्याने प्राहोकचा घास घेतला, चावला, गिळला. "फक्त मला ऐकू येत नाही."

 सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. बघत म्हणजे, त्यांना दिसत नाही तरी. चाळीसपेक्षा जास्त वर्षं ह्या बाईने पोराचं नाव विहारात तोंडातून काढलं नव्हतं, त्याला आयुष्य लाभावं म्हणून ओठ शिवून घेतले होते, आणि तो जर कुठल्या विहाराच्या भिंतीला टेकून, अंधारात, ह्याच्यासारखा...

कोलाप रांजणापासून मागे आली होती.  मला वाटलं, आता रडणार, आता ओरडणार, आता मला तरी नक्कीच बोलणार. गोळा लपवला कुणी? मी! सासूबाईंनी गोळा माझ्या हातात दिला.

म्हणाल्या, "फाल्ला, ह्यात तीळ कमी आहेत. त्याला जास्त लागतात."

मी उठून तीळ घातले. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, निम्मे तीळ जमिनीवर गेले, कुत्र्याने खाल्ले.

पहाटे आम्ही सगळे विहारात. पाऊस थांबलेला, चिखल घोट्याएवढा, उदबत्त्यांचा धूर खाली बसलेला, शेकडो माणसं पण चेहरा एकाचाही धड दिसत नाही, नुसती मेणबत्ती धरलेली बोटं. पितरांना उजेड सोसत नाही म्हणून हे अंधारात. सगळीकडून पुटपुटल्यासारख्या हाका, बाबा घ्या, आजी घे, मावशी घे गं... आणि भात पडल्याचा तो मऊ आवाज, थप, थप, मागे, पुढे. दरवर्षी ऐकते, दरवर्षी वाटतं की आपल्या पायांशी कुणीतरी वाकून वेचतंय. मी कोलापचा हात घट्ट धरला होता. खरं म्हणजे तिनेच माझा धरला होता. पोव मोडकी छत्री सासूबाईंच्या डोक्यावर धरून चालत होता, पाऊस नसताना.

सासूबाईंनी सासऱ्यांचा गोळा टाकला, आपल्या आईचा टाकला, बापाचा टाकला. मग तिळाचा हातात घेतला. थांबल्या. तोंड उघडलं, आवाज फुटेना. कोलाप म्हणाली, "माक, मी म्हणू का?"

"तुझा आवाज तो ओळखणार नाही. तू केवढीशी होतीस."

आणि मग त्यांनी हाक मारली. पण पितरांना मारतात तशी नाही हो! पितरांना आपण हळू, खालच्या सुरात, मान घालून बोलावतो. ह्यांनी मारली ती... संध्याकाळी मुलगा नदीवरून परत आला नाही की आई शिडीच्या टोकाला उभी राहून मारते ना, तशी. रागावून! "सोवाऽऽन! अरे कुठे आहेस? भात झालाय! ये घरी!"

 भात पडायचा थांबला. भिक्खूंचं पठण चाललं होतं, तेही क्षणभर अडखळलं असं मला वाटलं. आणि मग तिकडून, अंधारातून, कुणी एक म्हातारी, आमच्या ओळखीची ना पाळखीची, तशाच आवाजात, "थीदाऽऽ! ये गं घरी!" मग पलीकडून आणखी एक, पुरुषाचा आवाज, मुलाला. मग आणखी. अहो, ज्यांना इतकी वर्षं कुणी गेलेल्यांत धरलं नव्हतं, ते सगळे एकदम हाकांत आले. माझ्या अंगावर काटा, आत्ता सांगतानाही येतोय, बघा.

तेवढ्यात अगदी जवळून आवाज, "ओ! कोण बोलावतंय?"

कोलाप किंचाळली. चिखलातून चपला हातात घेऊन एक गलेलठ्ठ माणूस धापा टाकत आला. शेजारच्या गावातला वीटभट्टीवाला, वय पस्तीस. त्याचंही नाव सोवान! "मला वाटलं, घरी काही झालं," म्हणतो, "अशी हाक मारलीत, येय, की माझा हातातला वाडगाच पडला!"

सासूबाई म्हणाल्या, "तू नाहीस तो. पण आलास तर जेवून जा."

आणि मग त्या वळल्या, छत्री धरलेल्या माणसाकडे नाही, अंधाराकडे, आणि पुन्हा तोच आवाज लावला, "पोऽऽव! ज्याचा पोव काळ्या कपड्यांनी नेला, तो इथे आहे! अरे पोव!"

"ओ," पोव म्हणाला. शेजारीच उभं राहून! त्याच्या तोंडून निघून गेलं. मग कळलं, आणि त्याने छत्री डोळ्यांसमोर ओढली. कुणी हसलं नाही. वुथीसुद्धा.

कुणी आलं का त्याच्यासाठी? नाही आलं. आमचा सोवान आला का? नाही आला. तो वीटभट्टीवाला मात्र आला, बायकोपोरांसकट, आणि अमावस्येचे निम्मे आन्सोम एकट्याने संपवले.

संध्याकाळी पितरांना शिदोरी देऊन निरोप द्यायचा असतो. केळीच्या सोपाच्या होड्यांत भात, तीळ, मीठ ठेवून नदीत सोडतात. कोलापने भीत भीत विचारलं, "माक, सोवानची होडी करू?" सासूबाई म्हणाल्या, "होडी जायला लागते. तो जाणार नाहीये, यायचा आहे."

मी म्हटलं, आता मात्र विचारून टाकावं. सात वर्षं जिभेचा प्रश्न आहे. म्हटलं, "माक, म्हणजे एकदाचं ठरलं ना? गोळा की ताट?"

"ठरलं तर," सासूबाई म्हणाल्या, "गोळा पण, ताट पण. आणि हो, पोवचंही ताट. त्याला म्हटलं, दरवर्षी इथलेच सात विहार फिर, जेवायला इथे ये. तुझी आई भेटली तर तिलाही आण."

कोलाप आनंदाने मला म्हणाली, "सुटला तुझा नवस! खा प्राहोक!" मी वाटी ओढलीसुद्धा... तर नारित, आयुष्यभर गप रे म्हणणारा माझा नवरा, नेमका त्याच वेळी तोंड उघडतो! म्हणतो, "बघ हं फाल्ला. तू म्हणाली होतीस, एकदाचं ठरू दे. हे ठरलं कुठे? हे तर वाढलं."

वाटी खाली ठेवली. देवाशी कोण लबाडी करणार? पोवने तेवढा प्राहोक दोनदा मागून घेतला.

आणि सगळे इतके बरे बसले होते हो, कोलापचं बोलणंही सावकाश, वुथी पोवची छत्री दुरुस्त करत होता, सासूबाई शिडीसमोरच पाय पसरून पेंगत होत्या, आणि मागून, मी ऐकलं, पायरी करकरली. मी वळले नाही. म्हटलं, कुत्रं असेल. नसेल तर जेवायलाच आलं असेल. तेवढ्यात आतून कोलाप ओरडलीच, "फाल्ला! रात्रीचा भात किती जणांचा लावू?"

म्हटलं, "लावा बोंग, चांगला मोठ्या पातेल्यात लावा. ह्या घरात कोण गेलंय आणि कोण येतंय, ते मला काय ठाऊक!"